रायफलवरची ‘एक ते सहा’ दुर्बीण: ती आली कुठून?

साताऱ्यात फौजी नसलेली गल्ली शोधावी लागते. अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्या गावाच्या नावाला आजही ‘मिलिटरी’ जोडलं जातं. त्यामुळे रायफल, नेम, दुर्बीण हे विषय इथं पारावरही निघतात. सध्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या तोंडी ‘एक ते सहा’ आहे. म्हणजे समोरचं दृश्य आहे तेवढंच दाखवणारी आणि कडं फिरवलं की सहा पटीपर्यंत मोठं करणारी छोटी दुर्बीण. इंग्रजी आद्याक्षरांत तिला एलपीव्हीओ (लो पॉवर व्हेरिएबल ऑप्टिक) म्हणतात. तिच्याबद्दल पहिला प्रश्न असतो, ‘किती पट?’ माझ्या मते हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला जातो. ही दुर्बीण चांगली की सुमार, हे तिच्या मोठ्या आकड्यावर नाही तर ‘एक’वर ठरतं. आणि ते का, हे तिचा मागचा प्रवास पाहिला की उमगतं.

रायफलवर दुर्बीण चढवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम माल्कम यांनी १८५५च्या सुमारास असा कारखाना काढला आणि पुढच्या यादवी युद्धात (१८६१-६५) जवळजवळ नळीएवढ्या लांब दुर्बिणी लावलेल्या रायफली वापरल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी शिकाऱ्यांच्या तीन-चार पटींच्या दुर्बिणी खंदकांत आणल्या. दुसऱ्या महायुद्धात आपल्या ओळखीच्या थ्री नॉट थ्रीच्या एका खास आवृत्तीवर ३२ नंबरची दुर्बीण बसली. ती होती फक्त तीन पटींची, आणि मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. आपल्या सैन्यातल्या ड्रॅगुनोव्ह रायफलवरची रशियन दुर्बीण चार पटींची. म्हणजे कित्येक दशकं सैन्यातल्या बहुतेक दुर्बिणींचा आकडा तीन-चारच्या आसपासच होता, आणि तो सहसा बदलताही येत नव्हता.

लांबचा, स्थिर नेम असेल तर चार पटी पुरतात. पण वीस पावलांवरून माणूस आडवा पळाला तर चार पटींच्या दुर्बिणीत त्याच्या सदऱ्याचा एक तुकडा दिसतो, आणि तोवर तो निघून गेलेला असतो. ही अडचण आधी शिकाऱ्यांना जाणवली. युरोपात हाकारे घालून रानडुक्कर उठवतात तेव्हा जनावर जवळून आणि वेगात जातं. त्यांच्यासाठी जर्मन आणि ऑस्ट्रियन कारखान्यांनी सव्वा ते चार पटींच्या, बारीक तोंडाच्या दुर्बिणी केल्या. आजच्या ‘एक ते सहा’ची खरी आई तीच. (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. ज्या कोयना-चांदोलीच्या रानात एकेकाळी मचाणं बांधली जात, तिथं आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे.)

सैन्यानं हाच प्रश्न दुसऱ्या वाटांनी सोडवून पाहिला. ऑस्ट्रियानं १९७७ साली घेतलेल्या रायफलीत दीड पटीची दुर्बीण मुठीतच ओतलेली होती. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं १९७५ मध्ये काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमयंत्र आणलं. त्यात मोठं काहीच दिसत नाही, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका लक्ष्यावर टेकवला की काम होतं. १९८७ साली अमेरिकेच्या ट्रिजिकॉन कंपनीची चार पटींची ‘एकॉग’ दुर्बीण आली. जवळ ठिपका चांगला, लांब एकॉग चांगली. अफगाणिस्तान आणि इराकमध्ये मात्र सकाळी घराच्या खोल्या आणि दुपारी समोरचा डोंगर, असं एकाच शिपायाच्या वाट्याला येऊ लागलं. त्याच काळात जर्मनीच्या श्मिट अँड बेंडर कंपनीची १.१ ते ४ पटींची ‘शॉर्ट डॉट’ आली. शिकाऱ्याची दुर्बीण आणि लाल ठिपका तिथं एका नळीत बसले.

त्या १.१कडे नीट पाहा. कागदावर तो एकच वाटतो, डोळ्याला वाटत नाही.

मध्यंतरी नेमबाजी करणाऱ्या एका मित्राची १-६x२४ (एक ते सहा पट, पुढचं भिंग २४ मिलिमीटरचं) दुर्बीण, रायफलीशिवाय, नुसतीच, दोन दिवस माझ्याकडे होती. गच्चीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर टेकवली आणि अजिंक्यताऱ्यावरच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे वळवली. शेजारचे निवृत्त सुभेदार काका बघायला आले. मराठा रेजिमेंटमध्ये आयुष्य गेलेलं. नेम धरण्याला ते अजूनही ‘शिस्त’च म्हणतात. त्यांनी सवयीनं डावा डोळा मिटला. म्हटलं, ‘काका, दोन्ही डोळे उघडे ठेवा.’ ते म्हणाले, ‘आरं, मिटायलाच तर शिकीवलं आमाला!’ मग हळूहळू उघडला. कडं ‘एक’वर होतं. कठड्याची आडवी कड दुर्बिणीच्या आत आणि बाहेर एकाच रेषेत सरळ जायला हवी. आमची जवळजवळ तशी गेली, फक्त अगदी काठाशी किंचित वाकली. १.१ असती तर कड आत-बाहेर जुळली नसती, दोन डोळ्यांची दोन चित्रं भांडली असती आणि मेंदूनं त्यातलं एक टाकून दिलं असतं. खरा ‘एक’ गाठायला कारखान्यांना इतका वेळ का लागला, ते त्या कडेनं दाखवलं.

दुसरी कसोटी आकड्यांची. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. २४ भागिले ६, म्हणजे ४ मिलिमीटर. सूर्य पाठीशी ठेवून दुर्बीण उजळ आकाशाकडे धरली आणि मागं बटर पेपर लावला, तर चकती दिसते, पट्टीनं मोजता येते. तेवढ्याच भिंगावर आठ पट केली की चकती ३ मिलिमीटर. डोळा जरा इकडेतिकडे झाला की चित्र काळं. १-८ आणि १-१० दुर्बिणींचा मोह होतो तेव्हा हा भागाकार करून पाहावा.

खुणेच्या जाळीचा, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या रेघांचा, वादही जुन्या सवयींतून आलेला आहे. युरोपी परंपरेत जाळी पुढच्या भिंगाचं चित्र जिथं पडतं त्या प्रतलात असते. चित्राबरोबर ती वाढते, त्यामुळे तिची मापं सगळ्या पटींवर खरी ठरतात, पण ‘एक’वर ती केसाएवढी बारीक होते आणि भर उन्हात दिसेल असा दिवा लागतो. अमेरिकी परंपरेत जाळी मागं. ती कायम सारखीच दिसते, पण मापं एकाच पटीवर खरी, बहुधा सर्वांत मोठ्या. जवळच्या कामाला मी मागची घेईन.

पॅरिसला २०२४मध्ये आपल्या शेजारच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्य जिंकल्यापासून पोरं विचारतात, त्याची दुर्बीण कोणती? त्या खेळात दुर्बीण चालतच नाही. बारीक छिद्रातून, नळीच्या टोकावरच्या ‘माशी’च्या (पुढच्या खुणेच्या) आधारानं नेम धरायचा असतो.

सैन्यांनी मात्र पुढचं पाऊल टाकलंय. अमेरिकी मरीननी २०२०मध्ये एकॉगच्या जागी १-८ पटींची दुर्बीण निवडली, आणि २०२२मध्ये त्यांच्या लष्करानं अंतर मोजून नेमाची खूण स्वतः दाखवणारी १-८ घेतली.

त्या दिवशी दिवेलागणीला काका पुन्हा गच्चीवर आले. कडं सहावर होतं. मनोरा मोठा दिसत होता, पण चित्र काळवंडलं होतं. मी काही सांगायच्या आत त्यांनीच कडं तीनवर आणलं. चकती ८ मिलिमीटर झाली, अंधारात उघडलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षाही मोठी, आणि मनोरा लहान दिसला तरी चित्र उजळलं.