गाडीला फोडणीचं तेल

बरीच वर्षं भजी तळलेली कढई उलटी करून बघा. बाहेरच्या अंगाला, कडेखाली, तपकिरी-काळा थर बसलेला असतो. नखाने निघत नाही, साबणाला दाद देत नाही, घासणी झिजते पण तो हलत नाही. हा थर एके काळी पिशवीतून घळघळ ओतलेलं शेंगदाण्याचं तेल होता. गाडीच्या इंजिनात गोडंतेल घातलं तर काय होईल, याचं निम्मं उत्तर तिथे चिकटलेलं आहे.

प्रश्न वाटतो तितका खुळचट नाही. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये तेल हवं, मग ते स्वयंपाकघरातलं का नको? बहुतेकांचा अंदाज असा, की खाद्यतेल तापल्यावर पाण्यासारखं पातळ होईल आणि इंजिन लगेच जाम होईल. तसं होत नाही. १०० अंश सेल्सिअसला सूर्यफुलाच्या तेलाचा दाटपणा ८ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजायचं एकक) आसपास राहतो, म्हणजे '२०' ग्रेडच्या इंजिन ऑइलच्या पंगतीला बसण्याइतका. उष्णतेने कमी पातळ होण्यात तर वनस्पती तेलं साध्या खनिज तेलाला मागे टाकतात. धातूला धरूनही छान बसतात. पहिली काही मिनिटं इंजिन कदाचित कुरकूरही करणार नाही.

खोड आहे ती तेलाच्या रेणूत. वनस्पती तेल म्हणजे मुख्यतः स्निग्धाम्लांच्या लांब साखळ्या, आणि त्यांत जागोजागी कार्बनचे दुहेरी बंध. त्या बंधांच्या आसपास ऑक्सिजनला शिरकाव मिळतो. मग शेजारचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि सुट्या साखळ्यांचं जाळं विणलं जातं. आपल्या करडईच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं, त्याच्या प्रत्येक साखळीत असे दोन बंध. जवसाच्या तेलात तीन बंधांचं आम्ल भरपूर, म्हणून ते हवेतच वाळून कडक होतं. तैलचित्रांचे रंग त्याच्याच जोरावर शतकानुशतकं कॅनव्हासला धरून आहेत. चित्रकाराला जे हवं, तेच पिस्टनच्या रिंगांना नको.

कढईला निदान रात्रभर विश्रांती असते. चालू इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाला ऑइल साठतं त्या भांड्यात, तेल १०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, पिस्टनच्या रिंगांपाशी २०० च्याही वर. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, ते हवेबरोबर सारखं घुसळतो. लोखंडाचे, तांब्याचे बारीक कण ऑक्सिडेशनला आणखी घाई करतात. त्यात पाण्याची भर पडते: एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी रिंगांच्या फटीतून खाली उतरते. पाणी आणि उष्णता मिळून वनस्पती तेल फोडतात, आम्लं सुटतात आणि बेअरिंग खायला लागतात. इंजिन ऑइलमध्ये अशी आम्लं मारणारी, काजळी तरंगत ठेवणारी, फेस मोडणारी, ऑक्सिडेशन रोखणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. गोडंतेलात ती कुठून येणार? थोड्याच दिवसांत त्याचा गाळ होतो, ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि मीटरवर तेलाचा लाल दिवा लागतो.

मग पहिल्या महायुद्धातली विमानं एरंडेलावर उडत होती ती कशी? सॉपविथ कॅमलसारख्या विमानांची इंजिनं रोटरी होती. क्रँकशाफ्ट जागच्या जागी, आणि सिलिंडरांचा सगळा गराडा पंख्याबरोबर गरगर फिरायचा. पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतूनच, जायचं, त्यामुळे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन गेलं असतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही, त्याच्या रिसिनोलिक आम्लावरच्या हायड्रॉक्सिल गटामुळे. कॅस्ट्रॉल हे नावही इंग्रजीतल्या 'कॅस्टर'वरून, म्हणजे एरंडावरूनच आलं. खरी मेख मात्र वेगळीच होती. ते तेल इंजिनातून एकदाच जायचं आणि धुराबरोबर बाहेर फेकलं जायचं. ते वैमानिकाच्या तोंडावर उडायचं, नाकातोंडात जायचं. एरंडेल पोटात गेल्यावर काय होतं ते आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नातवंडांना दाखवून दिलं आहे.

एका फेरीपुरतं वनस्पती तेल झकास. युरोपातल्या जंगलांत लाकूड कापायच्या करवतींच्या साखळीला रेपसीडचं तेल वापरतात. तेही साखळीवरून उडून जमिनीवर पडतं आणि कुजून जातं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं डिझेल इंजिनही याला अपवाद नाही, कारण तिथे तेल इंधन होतं, क्षणात जळून गेलं. मोटारीचं इंजिन मात्र तेच तीन-चार लिटर तेल हजारो किलोमीटर पुन्हापुन्हा फिरवतं.

रस्त्यात ऑइल कमी झालंच, तर दुसऱ्या ग्रेडचं किंवा दुसऱ्या कंपनीचं इंजिन ऑइल घालून गॅरेज गाठा, ते शंभर पटीने बरं. कुणी हौसेने खाद्यतेल ओतलंच असेल, तर स्टार्टर मारू नका. चेंबरचा बोल्ट काढून सगळं खाली घ्या, फिल्टर बदला. फक्त ओतलेलं तेल खोबरेल असेल आणि डिसेंबरातली नाशिकची सकाळ असेल, तर घाई करून उपयोग नाही. २४ अंशांखाली ते थिजतं. बोल्ट काढून, खाली ट्रे ठेवून उन्हाची वाट बघत बसावं लागेल.