गेममधला टग आणि गोदीतला टग

‘जीटीए ऑनलाइन’ हा व्हिडिओ गेम खेळणारी मुंबईतली पोरं टगचं, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या-रेटणाऱ्या बोटीचं, नाव काढलं की वैतागतात: फार संथ. हीच पोरं गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमधून एखाद्या अवाढव्य जहाजाला चिकटलेला टग बघतात आणि त्यालाही ‘रखडणारी बोट’ म्हणून मोकळी होतात. दोघांची अंगकाठी सारखीच आहे: पुढच्या बाजूला उंच केबिन, मागे मोकळा डेक, बसकं, रुंद शरीर. पण दोघांच्या संथपणाचं कारण अगदी वेगळं आहे.

खऱ्या टगचं काम बघायचं तर मुंबई बंदरातली इंदिरा गोदी आठवा. तिच्या लॉकची, म्हणजे समुद्रातून गोदीत शिरायच्या दरवाजेबंद मार्गाची, लांबी साधारण 228 मीटर आणि रुंदी जेमतेम 30. बाहेर मोठ्या भरती-ओहोटीला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, आतलं पाणी दरवाजे धरून ठेवतात. मोठ्या जहाजाची इथे पंचाईत होते. सुकाणूला पकड मिळायला वाहतं पाणी लागतं, म्हणजे जहाजाला वेग हवा. आणि धक्का जवळ आला की वेग तर कमी करावाच लागतो. त्या क्षणी टग त्याला ओढतो, रेटतो, कधी नुसता धरून ठेवतो.

म्हणून टगची ताकद वेगावर मोजत नाहीत. त्याचा दोर किनाऱ्यावरच्या लोखंडी खुंट्याला बांधतात, इंजिन पूर्ण जोरात चालवतात आणि दोरावर किती टन ओढ येते ते बघतात. आजच्या बऱ्याच बंदरी टगांची ओढ 50-60 टनांच्या घरात असते. पाण्याखालचे पंखे मोठे, बऱ्याचदा कड्यात बसवलेले. अनेक टगांत तर त्यांचं तोंड पूर्ण गोल फिरवता येतं, त्यामुळे टग आडवाही सरकतो. मोकळा धावला तरी तो 12-13 नॉटच्या (ताशी 22-24 किलोमीटर) फारसा पुढे जात नाही. पाणी बाजूला सारत जाणारी 30 मीटरची बोट त्या वेगाला स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. आणखी जोर लावला तर लाटच मोठी होते. कर्जतहून लोणावळ्यापर्यंत गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं आठवा. त्यांना संथ म्हणणं जितकं चूक, तितकंच टगलाही.

आता गेम. 2016 च्या जूनमधल्या अपडेटमध्ये टग आला. गेममधल्या पैशांत साडेबारा लाखांना विकतही मिळतो, पण बहुतेकांची गाठ पडते ती गेममधल्या आपल्या गोदामातला माल विकताना, कारण तो कधीकधी टगनेच पोचवावा लागतो. त्याला ओढायचा दोरच नाही. खऱ्या टगचा संथपणा आणि अंगाचा भारदस्तपणा गेमने उचलला. ज्या ओढीसाठी हे दोन्ही असतं, ती मात्र सोडून दिली. मला ही खरंच मोठी उणीव वाटते. गेममधल्या लॉस सँटोस शहराच्या बंदरात एखादं जहाज टगने धक्क्याला लावता आलं असतं, तर तीच बोट लोकांची लाडकी झाली असती.

मजबुतीतही असाच घोटाळा होतो. गेममध्ये मजबूत म्हणजे गोळ्या सोसणारं. खऱ्या टगचा एक मोठा धोका त्याच्याच दोरात असतो: जहाज पुढे निघालं आणि ताणलेला दोर टगच्या कुशीवर आडवा आला, तर कितीही भक्कम टग काही सेकंदांत कलंडू शकतो. त्यासाठी दोर झटकन सोडून देणारा हूक असतो आणि खलाशांची नजर त्यावर असते.

दोर नसलेल्या या बोटीशी गेममध्ये कसं वागायचं? तिला माल वाहणारी बार्ज समजा. पाठलागात पळून सुटण्याचा विचार सोडा, कारण वेग मिळणारच नाही. सोबती असेल तर त्याला हेलिकॉप्टरमधून राखण करायला सांगा. वळण लांबूनच घ्यायला सुरुवात करा, आणि थांबायचं असेल तिथे बरंच आधी इंजिनाचा जोर काढा. उथळ किनाऱ्याला शॉर्टकट म्हणून घासून जाऊ नका. एकटे खेळत असाल तर गोदाम काठोकाठ भरण्याआधीच विकायला काढा: माल जास्त झाला की एकाऐवजी दोन-तीन टग समोर उभे राहतात, आणि ते सगळे तुम्हालाच एकामागून एक हाकावे लागतात.