घरशाळेचे पाठनियोजन

शाळेत न जाणाऱ्या मुलाने वर्षभरात काय, कोणत्या क्रमाने आणि साधारण किती वेळ शिकायचे, याची पालकांनी केलेली आखणी म्हणजे घरशाळेचे पाठनियोजन. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण (रोजच्या पाठाची लेखी आखणी) हे शब्द शिक्षकी पेशातले. घरशाळेने ते उचलले, तरी शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे घरात उतरवणे हीच नव्या पालकांची सर्वांत मोठी चूक ठरते. ३५ मिनिटांच्या आठ तासिका हा अनेक वर्ग आणि मोजके शिक्षक यांचा मेळ घालण्यासाठी काढलेला तोडगा आहे. घरी त्याचे काही कारण नसते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य मानले आहे. मात्र त्यासाठी पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरशाळेची वेगळी सोयही केलेली नाही. पुढे शाळेत घालायचे ठरल्यास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. त्यामुळे काय शिकवून झाले याची तारीखवार नोंद उपयोगी पडते.

याच अधिनियमात शाळांसाठी पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास असा मानदंड आहे. समोर एकच मूल असेल तर हजेरी, शिस्त आणि वाट पाहणे यांत जाणारा वेळ वाचतो. प्राथमिक वयात रोज दोन तासांचे बसून काम पुरते. बाकी शिकणे वाचन, खेळ, बाजारहाट यांतून होते.

वर्षाचा हिशेब उलट बाजूने करावा. ५२ आठवड्यांतून गणपती, दिवाळी, मे महिना, गावी जाणे, पाहुणे आणि आजारपण वजा जाता ३६ आठवडे हाती लागतात. त्यांतले चार मुद्दाम रिकामे ठेवून ३२ आठवड्यांवर पाठ वाटावेत. १६ पाठांच्या पुस्तकाला मग एका पाठामागे दोन आठवडे येतात. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात, तेव्हा वर्ष सुरू होण्याआधी पुढच्या इयत्तेचे पुस्तकही चाळून घ्यावे.

तपशीलवार टाचण दोन आठवड्यांपुरतेच करावे. वहीच्या डाव्या पानावर ठरवलेले काम, उजव्या पानावर प्रत्यक्ष झालेले. डावीकडे तारखा न घालता १, २, ३ असे क्रम घालावेत, तारीख फक्त उजवीकडे. तारखा आधी लिहिल्या की एक दिवस ताप आला तरी पुढची सगळी पाने चुकतात आणि मागे पडल्याच्या भावनेने तिसऱ्या आठवड्यात वही बंद होते. आठवड्याचे चारच दिवस भरावेत; पाचवा उजळणीला आणि राहिलेल्या कामाला.

सहा-सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत १५-२० मिनिटे, दहा-बारा वर्षांच्याला ३०-४० मिनिटे पुरे होतात. दोन भावंडे असतील तर गणित आणि भाषा वेगवेगळी, विज्ञान-इतिहास एकत्र. धाकट्याला समोर बसवायचे तेव्हा मोठ्याला शुद्धलेखन किंवा सोडवायची गणिते द्यावीत. वन रूम किचनमध्ये एकाच वेळी दोघांचे मोठ्याने वाचन ठेवले की दोघांचेही होत नाही.

मुंबईत बाहेरचे पाठ ऋतू आणि लोकल पाहून बसवावे लागतात. जून ते सप्टेंबर घरातले काम जास्त ठेवावे, मोठ्या सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. गर्दी टाळायला घरातून अकरानंतर निघावे आणि चारपर्यंत परतावे. राणीची बाग आणि शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी. हा तपशील वार ठरवतानाच वहीत असावा. खडकाळ किनाऱ्यावरचे जीव पाहायला ओहोटी लागते. तिला कोकणातला जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला येते, पण भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या, दिवसांत पाणी फार मागे जात नाही. हिशेब ढोबळ असतो. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे. पाऊणकीचा पाठ त्याच आठवड्यात घेतला तर आयताच जमतो.

दहावीची परीक्षा बहुतेक घरे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) देतात. राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबर फॉर्म हा दुसरा मार्ग. एनआयओएसच्या माध्यमिक प्रवेशाला किमान वय १४ वर्षे, उत्तीर्ण व्हायला पाच विषय आणि नोंदणी पाच वर्षे चालते. तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, म्हणून पाचही विषय एका खेपेत उरकण्याची सक्ती नाही. पुस्तके बालभारतीहून वेगळी आहेत. तेराव्या वर्षी त्यांच्याकडे वळले नाही तर शेवटच्या काही महिन्यांत एकच घटक दोन पद्धतींनी शिकावा लागतो. घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के गुण असतात आणि विज्ञानाला प्रात्यक्षिक असते; या दोन्हींसाठी टाचणात वेगळे आठवडे राखावेत.