पित्ताची पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली कशी आली?

पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली की नातेवाइकांना खडे दाखवले जातात. डबीत घालून ते घरीही येतात, शेजारीपाजारी कौतुकाने पाहतात. ज्या पिशवीतून ते निघाले ती फॉर्मेलिनच्या, म्हणजे अवयव टिकवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत घालून बायॉप्सीला पाठवायची असते. तिची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही.

डॉक्टरांचं लक्षही एकेकाळी खड्यांवरच होतं. १८६७ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला जॉन बॉब्स यांनी पित्ताशय उघडून खडे काढले आणि पिशवी शिवून जागच्या जागी ठेवली. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी ४३ वर्षांच्या एका रुग्णाचं अख्खं पित्ताशयच काढलं. खडे आहेत म्हणून नव्हे, तर खडे तयार करते म्हणून पिशवी काढायची, हा त्यांचा विचार. पित्ताशयाच्या कॅन्सरचं वर्णन व्हिएन्नात माक्सिमिलियन श्टोल यांनी १७७७ मध्येच केलं होतं, पण ते शवविच्छेदनावरून. आता जिवंत माणसाचा अवयव तपासायला मिळू लागला.

तो टिकवायचा कसा? १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम यांनी फॉर्मेलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडने ऊती टिकतात हे दाखवून दिलं. पित्ताशयाच्या बाबतीत याचं मोल जास्त, कारण आतलं पित्त नाजूक अस्तर लवकर नासवतं. न उघडलेल्या पिशवीत फॉर्मेलिन आतवर नीट पोचत नाही. म्हणून ती चिरून भरपूर फॉर्मेलिनमध्ये बुडवावी लागते. ही साधी गोष्ट चुकली तर पुढे ऊती तपासणारा पॅथॉलॉजिस्ट कितीही निष्णात असला तरी त्याला अस्तर धड दिसत नाही.

जुन्या काळातल्या दोन पॅथॉलॉजिस्टांची नावं अजून रिपोर्टमध्ये भेटतात: 'रोकिटान्स्की-आशॉफ सायनस'. वाचून लोक घाबरतात, पण तो कॅन्सर नव्हे. अस्तर भिंतीत आत दबून झालेले ते खळगे असतात आणि खडे असलेल्या पित्ताशयात ते बऱ्याचदा सापडतात. अडचण वेगळीच आहे. कॅन्सरच्या पेशी या खळग्यांत पसरल्या तर त्या खळग्यातच आहेत की भिंतीत घुसल्या आहेत, हे ठरवणं कठीण होतं. आणि सगळं अवलंबून आहे ते याच खोलीवर. आतड्यात अस्तराखाली आणखी एक जाड थर असतो, पित्ताशयात तो नसतो. अस्तर, लगेच पातळ स्नायू आणि एका बाजूला यकृत. कॅन्सर अस्तरापुरता असेल तर झालेली शस्त्रक्रिया सहसा पुरते. स्नायूत शिरला असेल तर यकृताचा काही भाग आणि लसिका ग्रंथी काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीत ब्योब्लिंगेनला एरिश म्युहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी भारतात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. रुग्णांचं भलं झालं, शस्त्रक्रिया वाढल्या. पण पोट उघडून यकृत, पिशवी बोटांनी चाचपता यायची, ते गेलं. माझ्या मते सूक्ष्मदर्शकावरचा भार वाढला तो इथे.

प्रत्येक पित्ताशय तपासायचंच का, हा वाद युरोपात चालू आहे. नेदरलँड्समध्ये सर्जनने पिशवी उघडून, नीट पाहून आणि चाचपून संशय आला तरच ती पाठवण्याची पद्धत रुजली आहे. असा अनपेक्षित कॅन्सर बहुतेक ठिकाणी शंभरात एकाहून कमी रुग्णांत सापडतो, त्यामुळे खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पण गंगेच्या खोऱ्यात, वाराणसी-पाटणा पट्ट्यात, विशेषतः स्त्रियांमध्ये हा कॅन्सर जगात सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे. महाराष्ट्रात तो बराच कमी, तरी मुंबई-पुण्यात त्या भागातून आलेली कुटुंबं कितीतरी आहेत. शिवाय सपाट पसरणारा कॅन्सर दाहाने जाड झालेल्या भिंतीसारखाच दिसतो. तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल यावर मी विसंबणार नाही.

लॅबमध्ये पिशवीच्या तळाचा, मधला, मानेचा आणि नळीच्या कापलेल्या टोकाचा तुकडा घेतात. मेणात बसवून मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचे काप काढतात आणि रंगवतात. एका तुकड्यात संशयास्पद पेशी दिसल्या तर आणखी तुकडे, कधी सगळी पिशवीच तपासतात. याला दिवस लागतात आणि तोवर रुग्ण घरी पोचलेला असतो. टाके दाखवायला जाल तेव्हा बायॉप्सीचा रिपोर्ट आला का, हे आवर्जून विचारा.