बोल फुटण्याआधीचं बोलणं

तीन वर्षांचं पोर बोलत नाही म्हटलं, की वऱ्हाडातल्या घरात एक उत्तर तयारच असतं : "याचा बाप बी उशिरानच बोलला होता. बोलन थो." कधीकधी ते खरंही ठरतं. पण अशी वाट बघण्यात जी वर्षं जातात, त्याच वर्षांत मेंदू भाषा सगळ्यात झपाट्यानं शिकत असतो.

आधी कान तपासायचे. थाळी वाजवली की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतं, ही घरगुती परीक्षा फसवी आहे. थाळीचा दणका ऐकणाऱ्या मुलालाही 'स', 'श', 'फ' हे बारीक आवाज निसटत असतील, तर शब्द त्याच्यापर्यंत अर्धेच पोचतात. मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावं, अशी रचना आहे. शंका आली तर मुलाला पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. कापूसवेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून जिल्ह्याला खेटे घालणं सोपं नाही. तरीही ही एक खेप चुकवू नये.

बाकीचं बरंचसं काम घरात आणि अंगणवाडीतच होतं. बोलण्याच्या आधी संवाद येतो. वर्षाच्या आसपास मूल बैलाकडे बोट दाखवतं आणि लगेच आईकडे बघतं : तुला दिसला का? स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांत हे बोट दाखवणं बरेचदा उशिरा येतं. मेंदूच्या पक्षाघातात (सेरेब्रल पाल्सीत) समजत सगळं असतं, पण जीभ-ओठ साथ देत नाहीत, असंही होतं.

अशा मुलाचं घरात फार लाड करून नुकसान होतं, हे जरा कडू वाटेल. त्यानं नुसतं फळीकडे पाहिलं तरी आजी मुरमुऱ्यांचा डबा उतरवते. मग मागायचं कशाला? डबा त्याला दिसेल, पण हाताला लागणार नाही असा ठेवा. चार मुरमुरे द्या, थांबा, मनात दहापर्यंत मोजा. नजर, हात, हुंकार, काहीही आलं तर ते मागणंच समजा आणि "मुरमुरे!" म्हणत द्या. घरची बोली वऱ्हाडी, गोंडी, कोरकू, गोरमाटी, जी असेल तीच बोला. दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं लांबत नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्र देऊन मागायची पद्धत बसवली. तिच्यात सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. समोर सेविकाताई मुरमुरे घेऊन बसतात. मुलाच्या मागे मदतनीस. मुलाचा हात मुरमुऱ्यांकडे गेला, की मदतनीस तोंडातून शब्द न काढता तोच हात चित्रावर नेते आणि चित्र ताईंच्या तळहातावर ठेववते. ताई लगेच मुरमुरे देतात. मागच्या हाताची मदत हळूहळू कमी करत न्यायची. "काय पाहिजे? सांग ना!" असं विचारायचं नाही, नाहीतर मूल विचारण्याचीच वाट बघत बसतं. चित्र म्हणून मोबाइलवर काढलेला त्याच डब्याचा फोटो, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केलेला, पुरतो.

चित्रांची सवय लागली तर तोंडानं बोलणारच नाही, ही धास्ती जवळपास प्रत्येक आईला असते. आजवरचा अभ्यास तसं सांगत नाही. चित्रं किंवा खुणा वापरणाऱ्या मुलांचं बोलणं त्यामुळे घटत नाही, काहींचं थोडं वाढतंही.

आणि सुरुवातीचे काही आठवडे चित्र हातात आलं की मुरमुरे द्यायचेच, जेवायची वेळ झालेली असली तरी. 'आता नाही, नंतर' हे पुढे शिकवता येतं.