जुनी तबकडी म्हणजे लाखाचा ऐवज?

'घरात जुन्या लोकगीतांची ग्रामोफोन तबकडी असेल तर तिचे लाखो रुपये येतात,' असा निरोप बेळगाव, निपाणी, खानापूरकडे वरचेवर फिरतो. तो खरा वाटणं साहजिक आहे. पण नुसत्या वयावर भाव ठरत नाही. मागणी असलेली, कमी प्रती उरलेली आणि स्वच्छ वाजणारी तबकडीच भाव खाते.

आधी जात ओळखा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जड, ठिसूळ तबकडी बहुधा लाखेची. ३३⅓ किंवा ४५ फेऱ्यांची, किंचित वाकणारी ती व्हिनाइलची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका हो, लाख विरघळते आणि आतला आवाज कायमचा जातो. पोवाडा असो की लावणी, तो पुन्हा मिळत नाही.

मग ती खिडकीशी उजेडात तिरपी धरा. काळ्या चकाकीऐवजी खाचा करड्या दिसल्या, तर पोलादी सुयांनी त्या झिजवल्या आहेत. शेवटी लेबलवरचा क्रमांक टिपा आणि त्याच क्रमांकाची तबकडी प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते शोधा. विकणाऱ्याने मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. आणि 'आधी नोंदणीचे पैसे भरा' म्हणणाऱ्या खरेदीदाराला एक रुपयाही देऊ नका.