आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख

सरकारी दवाखान्यातून मिळणारी सेवा गावकऱ्यांनीच तपासायची, तिला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि जे लाल, म्हणजे वाईट, ठरेल त्याचा जाब अधिकाऱ्यांना भरसभेत विचारायचा, अशी ही पद्धत आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले; त्याचा भाग म्हणून २००७ पासून नऊ राज्यांत ती प्रायोगिक स्वरूपात राबवली गेली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे हे जिल्हे निवडले गेले. जिल्ह्यातले तीन तालुके, तालुक्यातली तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि केंद्रामागे पाच गावे, म्हणजे जिल्ह्याला ४५ आणि राज्यात २२५ गावे. राज्यपातळीवर समन्वय पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होता. पुढे जिल्हे वाढले.

माहिती गोळा करण्याची सुरुवात गावच्या बैठकीने होते. महिलांची बैठक वेगळी घेतात, आणि वाडी-पाड्यांवर वेगळे जावे लागते. फक्त मुख्य गावठाणात चावडीवर बसले की नर्सबाई नियमित येतात असेच ऐकू येते. दोन किलोमीटरवरच्या पाड्यावर त्या पावसाळाभर फिरकलेल्या नसतात. नर्स किंवा आशाताई समोर बसलेली असेल तर सगळी उत्तरे गोड येतात. म्हणून माहिती घेताना त्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगणे हा अवघड, पण आवश्यक शिष्टाचार.

प्रश्न कसा विचारला यावर बरेच काही ठरते. ‘सेवा समाधानकारक आहे का?’ असे विचारले की ‘बरं आहे’ हे उत्तर ठरलेले. त्यातून भीड कळते, सेवा नाही. त्याऐवजी शेवटचे बाळंतपण कुठे झाले, गाडीचे पैसे कोणी दिले, परत घरी सोडायला गाडी आली का, बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली का, हे विचारतात. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी सरकारी रुग्णालयात मोफत आहे. त्यामुळे ‘दोनशे रुपये दिले’ हे वाक्य मत राहत नाही, नियमभंगाची नोंद होते. गावकऱ्यांना मुळात काय मिळायला हवे हे माहीत नसेल, तर हक्काची सेवा न मिळूनही ते समाधानी असतात.

उत्तरांना गुण देऊन प्रगतीपत्रक भरतात: ७५ टक्के आणि त्यावर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. पिवळा रंग फसवा. गटात मतभेद झाला की कोणाला दुखवायला नको म्हणून पिवळा लावून मोकळे होण्याकडे कल असतो. अशा वेळी रंगाशेजारी कारण लिहायला लावणे हा उपाय. गावाबरोबर केंद्राचीही पाहणी होते: औषधसाठा, पाणी, प्रसूतिगृह, वैद्यकीय अधिकारी मुक्कामी राहतात का, रुग्ण कल्याण समितीचा (केंद्राचा निधी सांभाळणाऱ्या समितीचा) पैसा कशावर गेला.

जनसुनवाई, म्हणजे जाब विचारण्याची ही भरसभा, हा या पद्धतीचा सर्वांत गाजलेला भाग. तिचे मूळ राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये सुरू केलेल्या सुनवायांत आहे. तिथे सरकारी कामांचे हिशेब गावासमोर वाचून दाखवले जात. आरोग्यात २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान (आरोग्य हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांचे जाळे) यांनी विभागवार सुनवाया घेतल्या. देखरेखीतली सुनवाई आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांवर होते. मंचावर पंच, समोर गाव आणि उत्तर द्यायला अधिकारी. ‘सुनवाई’ शब्दात आरोपीचा पिंजरा दिसतो म्हणून काही ठिकाणी ‘जनसंवाद’ म्हणतात. नाव मवाळ झाले तरी उत्तर त्याच सभेत मिळाले पाहिजे.

तक्रार टिकते ती कागदावर. केसपेपर, बाहेरच्या औषधाची चिठ्ठी, दुकानाचे बिल आणि तारीख असली की ‘तसं काही होत नाही’ म्हणून विषय मिटवता येत नाही. मांडणाऱ्या बाईची संमती आधी घ्यावी लागते, कारण दुसऱ्या दिवशी तिला त्याच केंद्रात जायचे असते. सुनवाई संपताना कोणते काम, कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार हे वाचून दाखवले नाही, तर पुढच्या सुनवाईत तेच प्रश्न जसेच्या तसे येतात.

काही गोष्टी मात्र या सभेच्या आवाक्याबाहेरच्या असतात. पैसे मागणे, दुरुत्तरे, बंद उपकेंद्र हे स्थानिक पातळीवर सुटते. औषधांचा तुटवडा आणि रिक्त पदे सुटत नाहीत. खरेदी आणि भरती राज्यात होते आणि शिव्या खातो तालुका आरोग्य अधिकारी. असे प्रश्न वर ढकलण्यासाठी जिल्हा व राज्य समित्या आहेत, पण त्या नियमित भरल्या तरच. शिवाय देखरेखीचा पैसा ज्या खात्यावर देखरेख करायची त्याच खात्यामार्फत येतो. तो उशिरा आला की बैठका थांबतात, आणि वर्षभराच्या खंडानंतर गाव पुन्हा ‘बरं आहे’वर येते.